लंडनच्या लॉ फर्मच्या ट्रेनिंगसाठी ऑनलाइन टेस्ट असते. लातुरात राहून तयारी होईल का?

होईल की, क्लासची गरज नाही. बऱ्याच फर्म वॉटसन-ग्लेझर टेस्ट घेतात, म्हणजे छोटे उतारे देऊन तर्क तपासणारी परीक्षा. साधारण 40 प्रश्न, 30 मिनिटं. त्यात कायदा कुणी विचारत नाही, आणि आपली पोरं नेमकी तिथंच घसरतात. उताऱ्यात नसलेलं, पण स्वतःला ठाऊक असलेलं उत्तरात घुसवतात.

समजा उतारा एवढाच आहे: '2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं.' निष्कर्ष: 'त्याआधी लातूरला पाऊस कमी पडला होता.' लातूरकर डोळे झाकून 'खरं'वर टिक करणार! पण उतारा पावसाबद्दल चकार शब्द बोलत नाही. अनुमानाच्या भागात पाच पर्याय असतात: खरं, बहुधा खरं, माहिती अपुरी, बहुधा खोटं, खोटं. इथं फार तर 'बहुधा खरं'. निगमनाच्या भागात तर तेवढीही सूट नाही. दिलेल्या विधानातून जे निघतं तेवढंच.

अर्जाचं म्हणाल तर एकच कव्हर लेटर दहा ठिकाणी चिकटवू नका. जिल्हा न्यायालयात वकिलांच्या हाताखाली केलेलं काम मात्र ठसठशीत लिहा. अर्ज येतील तसे तपासणाऱ्या फर्म असतात, त्यामुळं शेवटच्या तारखेची वाट कशाला? आणि टेस्टला बसताना लॅपटॉप पूर्ण चार्ज, मोबाइलचं हॉटस्पॉट तयार. लाइटीचा काय भरवसा!