‘बळी दिले’, ‘दयामरण दिले’ की ‘मारले’?

फोंड्याच्या एका औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: मधुमेहावरील प्रयोगाचा मराठी गोषवारा लिहिताना ‘अ‍ॅनिमल्स वेअर सॅक्रिफाइस्ड’ला काय म्हणावे? कुणी तिला ‘बळी दिले’ सुचवले, कुणी ‘दयामरण’.

‘मारले’ लिहा. गोव्यात बळी म्हटले की राखणदाराला, म्हणजे गावाच्या रक्षक देवाला, द्यायचा कोंबडा आठवतो, पण खरी अडचण त्यापुढची आहे. ‘अपघातात दोघांचा बळी’ ही रोजची पेपरातली भाषा. त्यामुळे ‘6 उंदरांचा बळी गेला’ वाचून ते प्रयोग चालू असताना मेले की शेवटी अवयव काढण्यासाठी मारले, हे कळत नाही. आणि कळायला हवे ते नेमके हेच. सुरुवातीला 40 उंदीर आणि तक्त्यात 34, तर बाकीचे 6 कोणत्या गटातले, कितव्या दिवशी, कशाने गेले? सगळे जास्त मात्रेच्या गटातले असतील तर औषध विषारी असू शकते, आणि तगलेल्यांचीच सरासरी काढली तर तेच गुणकारी दिसते. ‘मेले’ आणि ‘मारले’ यांचे आकडे गटवार वेगळे द्या. वगळलेले प्राणी असतील तर तेही, कारणासकट. प्राणिप्रयोगांच्या वृत्तांतासाठी 2010मध्ये आलेल्या आणि 2020मध्ये सुधारलेल्या ‘अराइव्ह’ मार्गदर्शक सूचनांतल्या 10 अत्यावश्यक बाबींत हे येते.

‘दयामरण’ एकाच ठिकाणी शोभते: यातना आधी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेल्या म्हणून ज्याला मुदतीआधी मारावे लागले, त्याच्यासाठी. धडधाकट प्राण्याच्या बाबतीत तो शब्द वाचकाची दिशाभूल करतो.

‘वेदनारहित’ हे विशेषणही गाळा, पद्धत सांगा. कार्बन डायऑक्साइड असेल तर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या किती टक्के सोडला. इंजेक्शन असेल तर औषध, किलोमागे किती मिलिग्रॅम, कुठे टोचले. मृत्यूची खात्री कशी केली. मधुमेहाच्या प्रयोगात तर हे टाळूच नये. झायलाझिनने रक्तातली साखर वाढते. त्याची भूल देऊन मग रक्त काढले असेल, तर तक्त्यातली साखर आजाराची की भुलीची, हे वाचकाला कसे समजणार? नैतिकता समितीच्या मंजुरीचा क्रमांक दिला म्हणून हा तपशील सुटत नाही.

आता ‘उंदीर’. मराठीत रॅटही उंदीर आणि माऊसही उंदीर, पण वजनात साधारण दहापट फरक. ‘उंदराला 2 मिलिग्रॅम दिले’ यातून काहीच हाती लागत नाही. जात, वाण, लिंग, वय, वजन लिहाच.

एक नमुना, आकडे तुमचे घाला: ‘विस्टार रॅट, नर, 8 ते 10 आठवड्यांचे, 200 ते 250 ग्रॅम, एकूण 40. प्रयोगादरम्यान 4 मेले (सर्व जास्त मात्रेच्या गटातले, 9व्या ते 12व्या दिवशी). वजन 20 टक्क्यांहून जास्त घटल्याने 2 ना 15व्या दिवशी दयामरण दिले (दोन्ही औषध न दिलेल्या मधुमेही गटातले). उरलेले 34 प्रयोगाच्या 28व्या दिवशी पेंटोबार्बिटल पोटाच्या पोकळीत टोचून मारले.’ मात्रा त्याच वाक्यात जोडा.