‘अर्धा कोयता’ म्हणजे काय?

विचारणा अशी आहे. विचारणाऱ्यांच्या पुण्यातल्या ऑफिसात बीडकडचा एक सहकारी फोनवर बोलत होता : “अकरा कोयते झालेत, एक अर्धा आहे, चालेल का?” फोन ठेवल्यावर सगळ्यांनी त्याला गाठलं. अर्धा कोयता हा काय प्रकार? तो म्हणाला, ओळखा. वीस प्रश्न विचारा, मी फक्त हो किंवा नाही म्हणणार. डब्याच्या सुट्टीत वीसही प्रश्न संपले आणि शब्द काही सुटला नाही. तेव्हा अर्थ काय, तो आला कुठून, आणि लिहिताना हा शब्द वापरावा का, असे तीन प्रश्न आहेत. सोबत त्या दुपारच्या प्रश्नोत्तरांची यादीही आहे, आणि ती मला शब्दाइतकीच मोलाची वाटली.

आधी अर्थ सांगून टाकतो. ऊसतोडणीच्या धंद्यात ‘कोयता’ म्हणजे दोन माणसांची जोडी, बहुतेक वेळा नवराबायको. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मग तो बाप्या असो वा बाई.

आता यादीकडे येऊ. पहिला प्रश्न होता, “पोलिसांशी, गुन्हेगारीशी संबंध आहे का?” उत्तर : नाही. पुण्यात राहणाऱ्याच्या मनात हाच प्रश्न आधी येणार. गेल्या काही वर्षांत ‘कोयता गँग’ हे शब्द बातम्यांत इतके आले की शहरात कोयता म्हटलं की दहशतच आठवते. दुसरा, “तुटलेलं किंवा लहान आकाराचं हत्यार का?” नाही. तिसरा, “माणूस आहे का?” हो. इथवर गाडी उत्तम चालली होती. तीन प्रश्नांत हत्यारावरून माणसावर येणं ही लहान गोष्ट नाही.

चौथ्या प्रश्नाला गाडी रुळावरून घसरली. “लहान मूल का?” अर्ध्या तिकिटाची सवय आपल्याला, अर्धं म्हटलं की पोर. नाही. “अर्धा दिवस काम करणारा?” नाही. “पैसे निम्मे मिळतात का?” हो. या ‘हो’नेच सगळ्यांना चकवलं. निम्मे पैसे म्हणजे शिकाऊ असणार, म्हातारा असणार, अधू असणार, असे पुढचे सात-आठ प्रश्न त्याच वाटेने गेले आणि सगळ्यांना नाही, नाही, नाही. “पुरुषाला म्हणतात का?” हो. “बाईला म्हणतात का?” त्यालाही हो. इथे बहुतेकांनी हात टेकले.

वीस प्रश्न म्हणजे काही थोडे नाहीत. प्रत्येक उत्तराने शक्यता निम्म्या होत गेल्या तर वीस प्रश्नांत दहा लाखांहून जास्त गोष्टींतली एक हुडकता येते. पण त्यासाठी प्रश्नाने योग्य जागी चिरावं लागतं. तुम्ही सगळे एक गोष्ट न विचारताच धरून चालला होतात : एक माणूस म्हणजे पूर्ण एक. त्यामुळे अर्धेपणा माणसात शोधत राहिलात. वयात, ताकदीत, कामाच्या तासांत. तो माणसात नव्हताच. मोजमापच दोनाचं होतं. “पूर्ण कोयत्यात एकाहून जास्त माणसं असतात का?” हा एक प्रश्न पडला असता तर पुढच्या दोन प्रश्नांत शब्द हातात आला असता.

मी सांगली जिल्ह्यात, साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रातल्या गावात वाढलो. आमच्या घरीही हा शब्द एकदा असाच अडला होता. काकू लग्न होऊन आली ती रत्नागिरीकडची. तिच्या माहेरी कोयती म्हणजे कमरेच्या आकडीला अडकवायची, नारळ-झावळ्यांच्या कामाची. पहिल्याच हंगामात मुकादमाचा, म्हणजे तोडणीची टोळी आणणाऱ्या ठेकेदाराचा, निरोप आला, “उद्या सकाळी सात कोयते येतील.” काकूने सकाळी सात माणसांचा चहा टाकला. उसाच्या फडाच्या कडेला उतरली चौदा माणसं, शिवाय बायकांच्या कडेला आणि बोटाला धरलेली पोरं. काकू दारात उभी राहून मोजत होती आणि आजी आतून म्हणाली, “कोयते सात म्हंजे माणसं चौदा, बाई.” मी तेव्हा दुसरीत होतो. दोनाचा पाढा मला त्या सकाळी जास्त पक्का झाला असं मला अजून वाटतं.

दोघं का लागतात हे फडात उभं राहिलं की कळतं. एक जण ऊस बुडाशी तोडत पुढे जातो. दुसरा पाचट सोलतो, वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा छाटतो, कांड्या गोळा करून मोळी बांधतो. बांधायला दोरी नसते, वाढ्यालाच पीळ देऊन त्याचा आळा करतात. मग मोळी डोक्यावर घेऊन, उभ्या फळीवरून चढत ट्रकमध्ये किंवा ट्रॉलीत नेऊन टाकायची. आमच्याकडे मी बघितलं त्यात तोडायला बहुधा पुरुष आणि मोळ्यांना बहुधा बायका असत, पण कामं अदलाबदलीही होत. मजुरी टनावर, म्हणजे तोडून, बांधून, भरून वजनकाट्यावर गेलेल्या उसावर. एकट्याने तोडलं तर बांधणार कोण, आणि बांधत बसलं तर तोडणार कोण? म्हणून मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. हंगामाआधी, दसऱ्याच्या मागेपुढे, बीड, पाथर्डी, जालना, परभणी या बाजूच्या गावांत ही आगाऊ रक्कम घेतली जाते आणि पुढचे पाच-सहा महिने कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर किंवा थेट कर्नाटकात जाऊन ती फेडली जाते. अर्ध्या कोयत्याला उचल निम्मी. तुमच्या सहकाऱ्याने “पैसे निम्मे का?” याला हो म्हटलं ते अगदी खरं होतं.

जोडी नवराबायकोचीच हवी असं नाही. बहीणभाऊ, आई आणि मुलगा, बाप आणि लेक अशाही जोड्या लागतात. विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली बाई भावाबरोबर कोयता लावते, आणि कोणीच मिळालं नाही तर ती अर्धा कोयता.

हत्यारावरून माणूस, अवजारावरून ऐपत मोजणं ही मराठीची जुनी सवय आहे. ‘चार औतांचा शेतकरी’ म्हटलं की जमीन किती ते कळायचं. साताऱ्याजवळ लिंब गावात अठराव्या शतकातली ‘बारा मोटांची विहीर’ आहे; विहिरीचं पाणी सांगायला मोटांचा आकडा पुरला. गाव मोजायचं तर ‘दोनशे उंबऱ्यांचं’. तेव्हा कोयत्यावरून मजूर मोजणं यात नवल काही नाही. या शब्दाचं वेगळेपण त्याच्या अपूर्णांकात आहे. अर्धं औत कोणी म्हणत नाही, अर्धा उंबरा कोणी म्हणत नाही. इथे मात्र माणूस मोजताना अर्धा म्हणावं लागतं, कारण हिशेबाचा सगळ्यात लहान पूर्ण आकडाच दोन माणसांचा आहे. मला माहीत असलेल्या मराठीत असा दुसरा शब्द नाही.

मूळ शब्दाबद्दल थोडं. कन्नडमध्ये ‘कोय्यु’ म्हणजे कापणं, ‘कोय्लु’ म्हणजे कापणी. तेलुगूत ‘कोत’ म्हणजे कापणी. आपला कोयता याच कुळातला वाटतो. जोडीचा अर्थ मात्र कारखान्यांच्या काळातला. त्याला कारखाना हवा, मुकादम हवा, उचल हवी. आपल्याकडचा पहिला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये प्रवरानगरला निघाला, आणि नंतर कारखाने वाढत गेले तशी लांबून येणाऱ्या टोळ्यांची संख्या वाढली. मुकादम शब्द अरबी ‘मुकद्दम’वरून, म्हणजे पुढे असलेला. या धंद्यातला आणखी एक शब्द म्हणजे ‘खाडा’. तो गिरणगावातही होता, पण तिथे खाडा म्हणजे गैरहजेरी. तोडणीत खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे तर जातातच, वर दंडही उचलीत चढतो.

इथे शब्दार्थ सोडून एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बाई आजारी पडली, बाळंत झाली, पाळीच्या दुखण्याने उठू शकली नाही, की त्या दिवशी कोयता मोडतो आणि खाडा दोघांच्या नावावर लागतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ साली राज्यभर झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. त्या बातम्या वाचताना ‘कोयता’ या शब्दाचा हिशेब ठाऊक असला तर पुष्कळ गोष्टी उलगडतात. पोरांची लवकर लग्नं लावण्यामागे जी कारणं सांगतात त्यांत हेही एक आहे : अर्ध्याचा पूर्ण कोयता झाला की उचल दुप्पट.

व्याकरणात एक गंमत नाही, खंत आहे. कोयता पुल्लिंगी. त्यामुळे “कोयता आला”, “कोयते गेले” असंच म्हणायचं. जोडीतली बाई क्रियापदात कुठे दिसत नाही. एकटी असली तरी “ती अर्धा कोयता आहे”, अर्धी नव्हे. आणि हाच शब्द संपाच्या वेळी पुन्हा हत्यार होतो. तोडणीदर वाढवून घ्यायला टोळ्या काम थांबवतात त्याला ‘कोयता बंद’ म्हणतात. “पोराच्या हातात कोयता येऊ नये” असं आई म्हणते तेव्हा तिच्या मनात हत्यारही असतं आणि सगळा धंदाही.

लिहिताना वापरावा का? बातमीत, कथेत, अहवालात जरूर वापरा, पहिल्यांदा येईल तिथे अर्थ देऊन. ‘मजूर जोडपं’ लिहिलं तर भाऊबहिणीची जोडी सुटते आणि उचलीचा हिशेबही सुटतो. फक्त एखाद्या बाईची ओळख करून देताना तिला अर्धा कोयता लिहू नका. तिथे ‘एकट्याने तोडणीला जाणारी’ असं सरळ लिहावं. मुकादमाच्या वहीतलं माप वहीतच ठीक आहे.

राहता राहिला फोनवरचा तो हिशेब. अकरा कोयते म्हणजे बावीस माणसं, आणि एक अर्धा, म्हणजे तेवीस. “चालेल का?” हे त्या तेविसाव्या माणसासाठी विचारलेलं होतं, कारण एकट्याला टोळीत घ्यायला मुकादम सहसा खळखळ करतो. पलीकडून उत्तर काय आलं, ते तुमच्या सहकाऱ्याला विचारा.