गोंधळ स्टेजवर करावा का?

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

गॅदरिंगला तुम्ही मुली गोंधळ बसवताय आणि आजी म्हणते, "गोंधळ म्हणजे देवीचं काम, तो नाच नव्हे." मग करावा की करू नये, असं तू विचारलंस. जरूर करा. फक्त त्यातलं स्टेजवर काय न्यायचं आणि काय देवीपुढेच ठेवायचं, हे आधी ठरवा. मी नोकरीला आहे त्या बालीत लोक कितीतरी वर्षं हाच विचार करत आलेत.

आमच्या हॉटेलात पाहुणे आले की पन्येम्ब्रामा नाच होतो. मुली हातात फुलांनी भरलेलं भांडं घेऊन येतात. मान जागच्या जागी हलते, डोळे झर्रकन एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातात, बोटं थरथरतात. शेवटी पाकळ्या पाहुण्यांवर उधळतात. हालचाली देवळातल्या जुन्या नाचांच्या, पण तिथे हातात देवाची पूजा असते. देवाच्या स्वागताचा नाच पाहुण्यांपुढे करणं लोकांना खटकलं, म्हणून हा वेगळा रचला. गंमत म्हणजे पुढे हाच नाच देवळांतही होऊ लागला!

केचक या नाचाची गोष्ट अशीच. गावावर रोगराई आली की सांगह्यांग विधी करत. धूप घालत, गाणी म्हणत, आणि लहान मुलींच्या अंगात येई. त्यातला पुरुषांचा 'चक-चक-चक' घोष 1930 च्या दशकात उचलला गेला, त्याला रामायणाची कथा जोडली आणि प्रेक्षकांसाठी नवा खेळ उभा राहिला. यात वायन लिम्बाक हा बालीचा नर्तक होता आणि वॉल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार. अंगात येणं मात्र या नव्या खेळात घेतलं नाही.

1971 साली बालीची राजधानी देनपसार इथे जाणकारांनी बसून नाचांचे तीन वर्ग ठरवले : वाली म्हणजे देवळाच्या आतल्या अंगणातले, बबाली म्हणजे सोहळ्याबरोबरचे, आणि बालिह-बालिहान म्हणजे निव्वळ बघण्याचे. रांग्दा या चेटकिणीचा पूजलेला मुखवटा देवळात राहतो. पर्यटकांसाठी बरीच पथकं विधी न केलेला दुसरा वापरतात. मला ही रीत फार पटते.

तेव्हा संबळ घ्या, तुणतुणं घ्या, दिवटी घ्या (शाळेत खरा जाळ नको), पायांचा ठेका घ्या, आख्यानातली एखादी गोष्ट घ्या. चौक मांडू नका, घट ठेवू नका. गोंधळ्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ देवीच्या दीक्षेची असते, तुमची बाजारातली असू दे. आणि अंगात आल्याचं सोंग अजिबात नको. ज्यांच्या घरी ते खरं घडतं, त्यांची ती थट्टा होईल.

आत्याच्या लग्नात गोंधळ घालायला आले होते त्या काकांना आजोबांकरवी बोलावून घ्या. ठेका त्यांच्याकडूनच शिका, आणि त्यांचं मानधन आधी ठरवा. फुकट शिकू नका. कार्यक्रमात निवेदन करताना त्यांचं नाव घ्या. आजीला तालमीला बस म्हणावं. तिला जे खटकेल ते लिहून ठेव, रविवारी फोनवर बोलू.

तुझा
बाबा