जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांची गुणवत्ता एका आकड्यात कशी मोजायची?

तुम्ही विचारलंय की जिल्हा परिषदेच्या सगळ्या शाळांचा एक डॅशबोर्ड करायचा आहे, दरवर्षी प्रत्येक शाळेला एक गुण आणि जिल्ह्यात एक क्रमांक द्यायचा आहे, तर निकष कोणते धरावेत. निकषांचं सांगते, पण आधी ते क्रमांकाचं खूळ डोक्यातून काढा. मी मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन माणसं. आमच्या शाळेवर असा शिक्का बसलेला आहे आणि तो कसा बसतो ते मी जवळून बघितलंय.

मोजमाप कमी पडतंय असं मुळीच नाही. यूडायस, म्हणजे शाळेच्या माहितीचा सरकारी तक्ता, दरवर्षी भरतो, त्यात वर्गखोल्यांपासून संडासापर्यंत सगळं येतं. शाळासिद्धी या स्वयंमूल्यमापनात आम्हीच आम्हाला श्रेणी दिली. २०१७ आणि २०२१ ला राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं, डिसेंबर २०२४ ला 'परख' नावानं तसलंच राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. जिल्ह्यांच्या शालेय कामगिरीसाठी केंद्र सरकारचा पीजीआय-डी हा निर्देशांक आहे: एकूण ६०० गुण, त्यातले २९० निष्पत्तीचे, बाकीचे वर्गातलं अध्यापन, इमारत, सुरक्षितता, डिजिटल आणि कारभाराचे. राष्ट्रीय सर्वेक्षण निवडक शाळांवर चालतं. 'असर' या बिगरसरकारी पाहणीवाले पोरांना तपासतात ते घरी जाऊन, जिल्ह्यातली ३० गावं आणि गावातली २० घरं. पोर झेडपीचं आहे की इंग्लिश मीडियमचं, सगळी त्यात आली. जिल्ह्याचा अंदाज यायला हे ठीक आहे. पण त्या आकड्यावरून कुणी एखाद्या वस्तीवरच्या बाईला जाब विचारायला लागला, तर नमुना म्हणजे काय हे त्याला कळलेलंच नाही.

आता माझं सांगते. जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला. आधी पायाभूत चाचणी, मग संकलित एक, वर्षअखेरीला संकलित दोन. कल्पना चांगली होती, आजही म्हणेन. सुरुवातीला पोर कुठं आहे ते बघा, शेवटी कुठं पोचलं ते बघा, त्यात वाईट काय? घोळ झाला तो खाली. आमच्या तालुक्यात पायाभूतची सरासरी आणि संकलित दोनची सरासरी शेजारी शेजारी मांडून केंद्राकेंद्राचे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटागटाचे, तक्ते निघायला लागले. वाढ दिसली की हिरवा, जैसे थे असेल तर पिवळा, घट दिसली की लाल.

२०१६-१७ ला आमची तिसरी लाल आली.

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी आमचं गाव रिकामं होतं. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, कोयता जोडीनं जातो, नवरा-बायको मिळून. काही पोरं आजीकडं किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, पण तिसरी-चौथीतली पोरगी आईला बरोबर हवी असते, धाकट्याला सांभाळायला. म्हणजे पायाभूतला हजर आणि पुढच्या चाचण्यांना फडात. हजेरीपटावर ही पोरं सतत गैरहजर. गैरहजर म्हणून सरासरीत ती धरलीच जात नाहीत, आणि शिकवण्यात काडीचा फरक न पडता शाळेची सरासरी चढते. त्या वर्षी मात्र आदल्या दुष्काळामुळं फडात ऊसच नव्हता. कारखान्यांचं गाळप लवकर आटोपलं आणि आमची माणसं नेहमीपेक्षा आधी गावात परतली. अख्खा हंगाम शाळा बुडालेली पोरं संकलित दोनला माझ्यासमोर बसली. सात पोरांचा वर्ग, त्यातली तीन फडातून आलेली. सरासरी पडणार नाही तर काय होणार? कारखान्याचं धुराडं लवकर थंड झालं म्हणून माझी शाळा लाल.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी केंद्रप्रमुखांचा फोन आला होता.

"मॅडम, ती स्थलांतरित पोरं उद्या बसवू नका. रेकॉर्डला गैरहजर आहेतच की."

म्हटलं, "सर, ती गावात आहेत. आज परिपाठाला रांगेत उभी होती."

"तुमच्या शाळेच्या भल्यासाठी सांगतोय, माझं काय जातंय त्यात?"

त्यांचं जात होतं, कारण केंद्राचा तक्ता त्यांच्याच नावानं लागायचा. मी तिघांनाही बसवलं.

त्यातली एक पोरगी. पायाभूतच्या वेळी तिला सुटी अक्षरं ओळखता यायची, काना-मात्रा लागली की अडायची. परत आली ती जोडून शब्द वाचत. कुठं शिकलीस म्हटलं, तर म्हणाली, "ट्रॉल्यांवरनं, बाई." ऊस भरून उभ्या असलेल्या ट्रॉल्यांच्या फळीवर रंगवलेली नावं. देवांची, मालकाच्या पोरांची, गावांची. रोज तीच तीच बघून, कुणाला तरी विचारून विचारून. गणिताच्या पेपरात हातच्याची वजाबाकी होती, ती तिनं कोरी सोडली. पेपर गोळा झाल्यावर मी तिला जवळ बसवून तोंडी विचारलं, पप्पांनी उचल किती घेतली, खाडे किती पडले, मुकादम किती कापणार. ज्या दिवशी जोडी कामावर गेली नाही त्या दिवसाचे पैसे कापतात, तो खाडा. तिनं सगळा हिशोब सांगितला आणि वर मुकादमानं एक खाडा जास्तीचा लावलाय हेही सांगितलं. ही पोरगी आमच्या तक्त्यात अप्रगत.

पुढं पंचायत समितीच्या सभागृहात बैठक झाली. भिंतीवर प्रोजेक्टर, त्यावर तालुक्याचा तक्ता. साहेबांनी नाव घेऊन उभं केलं. "मॅडम, शेजारची शाळा हिरवी आणि तुमची लाल. गाव तसलंच, पगार तेवढाच." सगळे हसले. मी विचारलं, शेजारच्या शाळेत पायाभूतला किती पोरं बसली आणि संकलित दोनला किती? तक्त्यात तो रकानाच नव्हता. साहेब म्हणाले, "कारणं नकोत, निष्पत्ती दाखवा." शेजारच्या शाळेचे गुरुजी माझ्या मागच्याच रांगेत बसले होते. ते मान खाली घालून मोबाइल बघत होते. थोड्याच दिवसांत त्यांच्या भिंतीवर प्रगत शाळेचा फलक लागला आणि आमचे सरपंच मला विचारायला आले, "बाई, आपला फलक कधी?" साहेबांचं बोलणं मी झटकून टाकलं असतं, सरपंचांचं नाही टाकता आलं.

तर तुमचं उत्तर. तेच पोर दोनदा मोजा. दोन वेगवेगळ्या घोळक्यांच्या सरासऱ्यांची वजाबाकी म्हणजे प्रगती नव्हे. जी पोरं दोन्ही वेळा हजर होती त्यांचीच तुलना करा, आणि जी एकदाच होती त्यांची संख्या तिथंच, त्याच ओळीत, ठळक छापा. शाळेनं किती पोरं तपासलीच नाहीत हा आकडा बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त बोलतो. सरल या राज्याच्या ऑनलाइन नोंदणीमुळं प्रत्येक पोराला स्वतःचा आयडी आहे, तेव्हा माग काढणं अवघड नाही. पोर शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित पोराला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते) घेऊन कारखान्याजवळच्या शाळेत बसलं असेल तर तिथली नोंदही जोडता येईल. मनावर घ्यायला पाहिजे कुणीतरी.

छोट्या शाळांचं गणित नीट समजून घ्या. सात पोरांच्या वर्गात एक पोर म्हणजे १४ टक्के. एकाला ताप आला, एक मामाच्या गावाला गेलं, की शाळा पहिल्या दहातून शेवटच्या दहात. तुमच्या यादीच्या वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला, दोन्हीकडं वाड्या-वस्त्यांच्या शाळांचीच गर्दी होईल, आणि पुढच्या वर्षी त्यातल्या निम्म्या आपापसांत जागा बदलतील. मोठ्या गावांच्या शाळा आपल्या मधे निवांत. तीन वर्षांचं एकत्र धरा, नाहीतर केंद्राच्या पातळीवर बघा.

टक्क्यांपेक्षा स्तर धरा: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. पोराला समोर बसवायचं, वाचायला द्यायचं, पाच मिनिटांत कळतं. पेपरात नापास दिसणारी माझी पोरगी इथं एक पायरी चढलेली दिसली असती. गणितही थोडं तोंडी घ्या. आणि शिष्यवृत्तीत किती चमकले हा निकष तर अजिबात नको; चार हुशार पोरं निवडून त्यांना रात्रंदिवस घोकायला लावणाऱ्या आणि बाकीच्यांना मागच्या भिंतीला टेकवून ठेवणाऱ्या शाळा मला माहीत आहेत.

ज्याच्यावर ठपका येणार त्याच्याच हातात लाल पेन देऊ नका. चाचणी आम्हीच घ्यायची, आम्हीच तपासायची, गुण आम्हीच भरायचे. तेव्हा सरलवर, रात्री सर्व्हर मोकळा होईल तेव्हा. आता २०२३-२४ पासून आलेल्या पॅटचे, म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे, चॅटबॉटवर. आणि त्याच आकड्यावरून भर बैठकीत आमची लाज काढायची. असं केल्यावर आकडे खरे येतील असं समजणारा भोळा तरी आहे किंवा बेरकी तरी. थोड्या शाळा चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तिथं दुसऱ्या तालुक्यातल्या शिक्षकांकडून नाहीतर डाएटकडून (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) फेरतपासणी करून घ्या. दोन्हीत फरक किती पडला तेवढाच जाहीर करा. बाकीच्यांना आपोआप शिस्त लागेल.

एवढं वाचून मी मोजमापाच्या विरोधात आहे असं वाटेल. तसं नाही. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत, म्हणजे पटावरची पोरं खरंच आहेत का याच्या तपासणीत, पोरांच्या बोटाला शाई लावून मोजणी झाली, तेव्हा राज्यभरात लाखोंनी बोगस पट निघाला. तो पट कागदावर वाढवला कुणी? संस्थाचालकांनी आणि आमच्याच लोकांनी. बाहेरून कुणी मोजलं नसतं तर ती नावं आजही जेवत असती. आमच्यात असेही आहेत की ज्यांना लाल रंगसुद्धा सौम्य वाटावा. शिवाय मी बोलतेय ते ऊसतोडीच्या पट्ट्यातलं. शहराजवळच्या मोठ्या पटाच्या शाळांना यातलं अर्धं लागू नाही.

डॅशबोर्ड करणारच असाल तर प्रत्येक शाळेपुढं 'हंगामी स्थलांतरित' असा रकाना ठेवा, महिन्यागणिक. भरायचं काम शाळेकडं आणि तपासायचं शाळा व्यवस्थापन समितीकडं द्या, केंद्रप्रमुखांकडं नको. शेजारच्या शाळेच्या त्या वर्षीच्या दोन्ही चाचण्यांच्या हजेऱ्या मला अजून बघायच्या आहेत. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचं मनात होतं, पण आमच्या घरातून सांगणं आलं की त्याच माणसांबरोबर नोकरी काढायची आहे, नसती भानगड नको. तुम्ही बाहेरचे आहात. तुम्हाला त्या हजेऱ्या मागता येतील.