उत्तर: ई-वे बिलाचं बटण थेट एपीआयला जोडू नका

तुमची अडचण मी अशी समजलो. नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिससाठी तुम्ही पॉवर अ‍ॅप्समध्ये (फारसा कोड न लिहिता अ‍ॅप बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) अ‍ॅप बनवलं. माल नेताना लागणारं जीएसटीचं ई-वे बिल त्यातूनच निघावं म्हणून जीएसपीची, म्हणजे सरकारी जीएसटी यंत्रणेशी जोडून देणाऱ्या अधिकृत कंपनीची, एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून काम करून घ्यायचा मार्ग) कस्टम कनेक्टरने, म्हणजे स्वतः बनवलेल्या जोडणीने, जोडली. कनेक्टरच्या टेस्टमध्ये २००, म्हणजे 'सगळं ठीक' असा कोड, येतो. अ‍ॅपमध्ये मात्र कधी फील्ड रिकामी दिसते, कधी टाइमआउट होतो, आणि पुन्हा बटण दाबलं की 'या दस्तऐवजावर बिल आधीच तयार आहे' असा एरर येतो.

आधी शेवटच्या एररचं बघू, कारण मूळ दुखणं तिथेच आहे. टाइमआउट म्हणजे उत्तर तुमच्यापर्यंत पोचलं नाही, एवढंच. काम झालं नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. सरकारी ई-वे बिल पोर्टलवर बिल बनलेलं असतं, नंबर वाटेतच राहतो. पोर्टल एकाच दस्तऐवज क्रमांकावर दुसरं बिल देत नाही, हे आपलं नशीब. पेमेंट किंवा एसएमएसची सेवा असती तर दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर पैसे दोनदा कटले असते.

म्हणून माझं ठाम मत आहे: बाहेरच्या सेवेत काही नवीन तयार करणारा कॉल स्क्रीनवरच्या बटणातून थेट करूच नये. मध्ये आपली एक टेबल ठेवा, मायक्रोसॉफ्टच्या डेटाव्हर्स डेटाबेसमध्ये असो की शेअरपॉइंटची लिस्ट. बटणाने फक्त तिथे एक ओळ लिहायची: इनव्हॉइस नंबर, गाडी नंबर, आणि स्थिती 'नवीन'. ओळ पडली की पॉवर ऑटोमेटचा (मायक्रोसॉफ्टचंच, कामं आपोआप करून घ्यायचं साधन) फ्लो, म्हणजे ठरवून दिलेल्या पायऱ्या, सुरू होतो, स्थिती 'पाठवली' करतो आणि मगच एपीआयला कॉल करतो. उत्तर आलं तर नंबर लिहून 'मिळाले'. चुकीच्या जीएसटीआयएनसारखा (जीएसटी नोंदणी क्रमांक) स्पष्ट नकार आला तर तो मजकूर जसाच्या तसा ओळीत ठेवा, म्हणजे काउंटरवरच्या माणसाला काय दुरुस्त करायचं ते कळेल. आणि उत्तरच आलं नाही तर स्थिती 'तपासा'. 'तपासा' असलेल्या ओळीवर पुन्हा बिल मागायचं नाही. दस्तऐवज क्रमांक देऊन आधी बनलेलं बिल शोधायची वेगळी एपीआय आहे, ती वापरायची. सापडलं तर नंबर उचलायचा, नाही सापडलं तरच ओळ परत 'नवीन'.

यात एक गोष्ट हमखास सुटते. फ्लोमधली अ‍ॅक्शन, म्हणजे त्यातली एक पायरी, ४२९ (फार कॉल झाले) किंवा ५०० च्या घरातले (सर्व्हरची अडचण) एरर आले की गुपचूप स्वतःच पुन्हा कॉल करते. बिल बनवणाऱ्या अ‍ॅक्शनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन रीट्राय पॉलिसी 'नन' करा. शोधणाऱ्या अ‍ॅक्शनवर ती राहू द्या, तिथे दहा वेळा विचारलं तरी काही बिघडत नाही.

आता रिकाम्या फील्डबद्दल. कनेक्टर बनवताना तुम्ही उत्तराचा एक नमुना पेस्ट करून स्कीमा, म्हणजे कोणती फील्ड कोणत्या प्रकारची याचा आराखडा, घेतला असणार. त्या नमुन्यात जे नव्हतं, ते अ‍ॅपला ठाऊकच नाही. समजा नमुना इतवारीतून वाडीच्या गोदामापर्यंतच्या मालाचा होता. राज्यातल्या राज्यात, पाठवणाऱ्याकडून ट्रान्सपोर्टरपर्यंत ५० किलोमीटरच्या आत पार्ट-बी (बिलातला गाडीच्या तपशिलाचा भाग) लागत नाही, आणि पार्ट-बी भरल्याशिवाय बिलाची मुदत सुरू होत नाही. म्हणजे मुदतीचं फील्ड नमुन्यात रिकामं होतं, आणि कनेक्टरने तेच खरं मानलं. पार्ट-बी भरलेल्या, लांब जाणाऱ्या गाडीचं उत्तर नमुना म्हणून घ्या. बिल नंबरचा प्रकारही बघा. तो १२ अंकी असतो, आणि नमुन्यावरून घेतलेल्या स्कीमात आकड्याला बहुतेकदा ३२ बिटांचा पूर्णांक लागतो, ज्यात २१४ कोटींच्या वरचा आकडा मावत नाही. तिथे सरळ टेक्स्ट करायचा मोह होईल, पण एपीआय आकडाच पाठवत असेल तर ६४ बिट निवडा. बदल झाल्यावर अ‍ॅपमधला डेटा सोर्स काढून परत जोडा, नाहीतर अ‍ॅप जुन्याच स्कीमावर चालत राहतं.

जीएसपी सोडून सरकारी एपीआयला थेट जोडता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. माझा सल्ला, नका जोडू. तिथे आयपी, म्हणजे आपल्या सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, आधी नोंदवावा लागतो, आणि लॉगिनसाठी आरएसए व एईएस या पद्धतींचं एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करणं) लागतं. लो-कोडच्या डब्यांमध्ये ते बसवत बसण्यापेक्षा जीएसपीची फी परवडते.

लायसन्सचं थोडक्यात: कस्टम कनेक्टर प्रीमियम आहे, तो असलेलं अ‍ॅप वापरणाऱ्या प्रत्येकाला प्रीमियम लायसन्स लागतं. कनेक्टर फ्लोमध्ये हलवला म्हणजे ती गरज आपोआप संपली असं धरू नका, मायक्रोसॉफ्टचा मल्टिप्लेक्सिंगचा नियम (मधे दुसरं काही ठेवून सेवा वापरली तरी लायसन्सची गरज कमी होत नाही) आधी वाचा. हलवण्याचा खरा फायदा वेगळा आहे. एपीआय कीचं (एपीआय वापरायच्या गुप्त चावीचं) कनेक्शन सगळ्या स्टाफसोबत शेअर होत नाही, ते फ्लोच्या एकाच खात्यात राहतं. ते खातं कोणा कर्मचाऱ्याचं वैयक्तिक नको, ऑफिसचं वेगळं काढा.

आणि 'तपासा'च्या ओळी दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. चुकीचं बनलेलं बिल २४ तासांच्या आतच रद्द करता येतं. रोज संध्याकाळी गाड्या भरायच्या आधी त्या ओळींची यादी काउंटरवर आपोआप मेलने जाईल एवढा एक छोटा फ्लो अजून लावा.