आजच्या अतिउजव्या पक्षांना फॅसिस्ट म्हणावं का?

तुमचा प्रश्न असा, की अतिउजव्या पक्षांना फॅसिस्ट म्हणण्यात इतिहास आहे की ती नुसती शिवी? मी तरी आधी इटलीकडे बघतो.

मुसोलिनीने २३ मार्च १९१९ रोजी मिलानमध्ये फॅसिस्ट संघटना काढली आणि त्याच नोव्हेंबरच्या निवडणुकीत तिला एकही जागा मिळाली नाही. तिला बळ आलं ते १९२०-२१ मध्ये, पो नदीच्या खोऱ्यात. तिथे कोणाला काम द्यायचं आणि किती मजुरीवर, हे शेतमजुरांच्या संघटना ठरवू लागल्या होत्या. त्या मोडून काढायला जमीनदारांनी काळे सदरे घालणाऱ्या मुसोलिनीच्या टोळ्यांना पैसा पुरवला. टोळ्या ट्रकमधून येत, संघटनांची कार्यालयं जाळत, कार्यकर्त्यांना जबरदस्तीने एरंडेल पाजत. पोलीस बहुधा बघत राहत. मे १९२१ मध्ये पंतप्रधान जोलित्ती यांनी याच लोकांना आपल्या आघाडीत घेतलं आणि ते ३५ जागा घेऊन संसदेत पोहोचले. ऑक्टोबर १९२२ मध्ये टोळ्या रोमकडे निघाल्या, तेव्हा लष्करी कायद्याच्या आदेशावर राजाने सही केली नाही. मुसोलिनी रात्रीच्या रेल्वेने आला आणि पंतप्रधान झाला. त्याने सत्ता हिसकावली असं सर्रास सांगतात. खरं तर ती त्याच्या हाती देण्यात आली.

मग १९२३ चा आचेर्बो हा निवडणूक कायदा आला. पहिल्या आलेल्या पक्षाच्या यादीला २५ टक्के मतं असली, तरी दोन तृतीयांश जागा. पुढच्या निवडणुकीतली दहशत ३० मे १९२४ रोजी समाजवादी खासदार माट्टेओट्टी यांनी संसदेत मांडली. १० जूनला त्यांना पळवून नेऊन ठार केलं.

आजचा धागा काल्पनिक नाही. १९४६ मध्ये मुसोलिनीच्या जुन्या अनुयायांनी काढलेल्या पक्षाची तिरंगी ज्योत इटलीच्या पंतप्रधान झालेल्या मेलोनींच्या पक्षाच्या चिन्हात अजून आहे. पण २०२२ मध्ये मेलोनींचा पक्ष सुमारे २६ टक्के मतांवर, मित्रपक्षांसह सत्तेत आला. त्याच्यामागे मारझोड करणाऱ्या खाजगी टोळ्या नव्हत्या. हा फरक मला निर्णायक वाटतो, म्हणून मी त्याला फॅसिस्ट राजवट म्हणणार नाही.

आचेर्बोची आठवण मला जास्त होते ती हंगेरीत. तिथले तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांनी २०११ मध्ये निवडणूक कायदा बदलला, जागा ३८६ वरून १९९ केल्या, मतदारसंघ नव्याने आखले. २०१४ मध्ये ४५ टक्क्यांच्या आसपास मतांवर त्यांना दोन तृतीयांश जागा मिळाल्या. कोणाला एरंडेल पाजावं लागलं नाही.