भाऊ, तिच्या पोळ्या मोजणं थांबवा

ताई,
माझं वय ४१, बायकोचं ३८. लग्नाला १४ वर्षं झाली, ११ वर्षांची मुलगी आहे. राहतो मनीषनगरात, नोकरी बुटीबोरीच्या एमआयडीसीत. एप्रिल २०२१ मध्ये सासूबाई कोरोनात गेल्या. तेव्हापासून बायकोचं वजन ५८ वरून ७९ किलोवर गेलंय. आधी जेवताना ती आणखी पोळी घ्यायची तर मी ‘तिसरी?’ असं विचारायचो. आता दिवसभर चहा आणि सगळ्यांसमोर एकच पोळी, पण रात्री सगळे झोपले की उभ्या उभ्या खाते. डाएटचा तक्ता आणून दिला, दिवाळीत फराळाचे डबे माळ्यावर ठेवले. दिवाळीनंतर एका रात्री मी स्वयंपाकघरात जाऊन लाइट लावला. तिच्या तोंडात शेव होती. तिला गिळता येईना आणि थुंकताही येईना. मी ‘पुन्हा?’ एवढंच म्हणालो. त्या रात्रीपासून ती मुलीच्या खोलीत झोपते. खरं सांगतो, मलाही तिच्याजवळ जावंसं वाटत नाही आणि याची लाज वाटते. वरून ती मला माझ्या खर्र्यावरून, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या पुडीवरून ऐकवते. परवा मुलगी म्हणाली, ‘मला एकच पोळी, नाहीतर मी आईसारखी होईन.’ घरात माझे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांचं सगळं बायकोच करते. तिचं वजन कसं कमी करू?
— एक नवरा, नागपूर

भाऊ,

तुम्ही वाईट नवरे नाही. वाईट नवऱ्याला लाज वाटत नसते आणि तो असं पत्रही लिहीत नाही. पण माझं उत्तर तुम्हाला थोडं लागेल. तिचं वजन तुम्ही कमी करू शकत नाही. ते काम तुमच्याकडे नाहीच. तुमच्या हातात आहे ते दुसरंच, आणि ते जास्त निकडीचं आहे.

त्या रात्रीचं दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपल्याच घरात, आपल्याच हातांनी भरलेल्या डब्यातून खाताना १४ वर्षं संसार केलेली बाई चोरासारखी पकडली गेली. तुम्ही एकच शब्द बोललात, पण तिच्या कानात तो रोज वाजत असणार.

तारखा बघा. वजन २०२१ पासून वाढत होतं. पण दिवाळीपर्यंत तुम्ही दोघं एका खोलीत झोपत होता. म्हणजे ७९ किलोंनी तुम्हाला वेगळं केलं नाही. तो लाइट लागला आणि वेगळे झालात. तुम्हाला तिच्याजवळ जावंसं वाटत नाही, याचं कारण तुम्ही तिच्या अंगात शोधताय. मला वाटतं, ज्या माणसावर आपण पहारा देतो त्याच्या कुशीत शिरावंसं वाटतच नाही. आणि ज्याचा पहारा आपल्यावर असतो, त्याच्यासमोर अंगावरचा पदर ढळू द्यायचीही भीती वाटते. शरीर बदललं की ओढ थोडी बदलते, हे मी नाकारत नाही. तसं वाटणं पाप नाही. पण आज तुमच्यात जे आडवं आलंय, ते चरबीपेक्षा पाळत जास्त आहे.

आता ‘दिवसभर एक पोळी, मग वजन वाढतं कसं’ असं कोडं तुम्हाला पडलं असेल. त्यात कोडं काही नाही. चारचौघांत ती उपाशी राहते म्हणूनच रात्री तिचा ताबा सुटतो. दिवसभर पोटाला मारलं की शरीर रात्री वसुली करतं, आणि तेही गोड, तळलेलं, खारट मागतं, कारण त्यातून झटकन बरं वाटतं. ताण असला की शरीरात कॉर्टिसोल नावाचं हार्मोन वाढतं, ते भूक वाढवतं. झोप मोडली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि ‘बस झालं’ सांगणारं लेप्टिन कमी होतं. बाबांना रात्री दोनदा कूस बदलून द्यायला कोण उठतं, भाऊ? रात्री खाल्लं की सकाळी अपराधी वाटतं. त्याची शिक्षा म्हणून ती पुन्हा उपाशी राहते आणि रात्र झाली की पुन्हा डबा उघडते. तुमचं ‘तिसरी?’ हे या चक्राला तेल घालत आलं.

पोटाची भूक हळूहळू लागते आणि वरण-भातानेही भागते. मनाची भूक एकदम येते, तिला ठरावीकच काही हवं असतं आणि पोट भरलं तरी ती थांबत नाही. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या नागपुरात काय चाललं होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. बेडसाठी लोक रात्र रात्र गाडीत बसून होते. कित्येक मुलींना आईचं शेवटचं तोंड बघता आलं नाही, तेराव्याला गळ्यात पडायला माणसं जमली नाहीत. तुमची बायको तेव्हा रडली का? तुम्ही तसं लिहिलेलं नाही, कदाचित तुमच्याही लक्षात नसेल. त्यानंतर सासऱ्यांचं आजारपण तिच्या अंगावर आलं. दुःखाला बसायला जागाच मिळाली नाही, म्हणून ते रात्री स्वयंपाकघरात येऊन उभं राहतं.

आता तुमच्या खर्र्याविषयी. तुम्ही तो एका ओळीत, तक्रार म्हणून लिहिलात. मी मात्र तिथेच थांबले. पुडी कुठे ठेवता? स्कूटीच्या डिक्कीत की कंपनीच्या ड्रॉवरमध्ये? पन्नीत चोळताना आजूबाजूला बघता ना? बायकोने दिवसाच्या पुड्या मोजल्या, ‘तिसरी?’ म्हणाली, तेव्हा सुटला का खर्रा? की बाहेर जाऊन चौथी खाल्लीत? तुम्हाला खिजवायला हे विचारत नाही. लपून खाणं म्हणजे काय, नको नको म्हणताना हात पुढे जातो म्हणजे काय, हे तुमच्या घरात तिच्याशिवाय फक्त तुम्हाला कळतं. याच वाटेने तुम्ही तिच्यापर्यंत पोचू शकता. ‘तू वजन कमी कर’ याऐवजी ‘माझाही हात सुटत नाही गं’ असं म्हणून बघा. आणि खर्रा खरंच सोडा. त्यातली सुपारीसुद्धा कर्करोग करते, तंबाखूचं तर विचारूच नका. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. तिच्यासमोर बसून फोन करा.

मग तिचं वजन असंच सोडून द्यायचं? नाही. २१ किलो वाढ दुर्लक्ष करण्यासारखी नाही. आपल्या भारतीय शरीराला मधुमेह कमी वजनावरही गाठतो, म्हणून आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की सावध व्हायला सांगतात. बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर गेली तरी तेच. पण हे सगळं डॉक्टर बोलतील. थायरॉइडची टीएसएच तपासणी, उपाशीपोटीची शुगर, तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीए१सी, रक्तदाब एवढं आधी बघून घ्या. थायरॉइड मंदावलेलं असेल किंवा स्टेरॉइडसारखी एखादी गोळी चालू असेल, तर त्यानेही वजन वाढतं. ठोकताळा म्हणून सांगते, वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी शुगर आणि बीपीवर फरक दिसतो. तिच्या बाबतीत ते ४ ते ८ किलो होतात. ५८ चा आकडा डोक्यातून काढून टाका. तो आकडा जिची आई जिवंत होती, त्या मुलीचा होता.

आणि शरीराच्या डॉक्टरइतकीच मनाच्या डॉक्टरची गरज आहे. थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, थांबता येत नाही, नंतर स्वतःची किळस येते, आणि असं तीन महिने सरासरी आठवड्यातून एकदा तरी घडतं, तर त्याला बिंज इटिंग डिसऑर्डर म्हणतात. हा २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकी निदान-यादीत स्वतंत्र आजार आहे. त्यावर समुपदेशनाचा उपचार चालतो, आणि त्यातली पहिली पायरी उपास नसून वेळेवर, दर तीन-चार तासांनी खाणं ही आहे. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये आणि मिहानच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहे. ती लगेच जायला तयार होणार नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. पहिला फोन तुम्ही तुमच्यासाठी करा. ती खाऊन उलटी काढत असेल किंवा ‘जगून काय करू’ असं बोलली असेल, तर मात्र फोनवर थांबू नका, त्याच दिवशी घेऊन जा.

मुलीचं वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. ११ वर्षं हे वाढीचं वय. हाडं, रक्त, पाळी सगळं याच वेळी घडत असतं, आणि याच वयात पोट मारायला शिकलेल्या मुलींना पुढे खाण्याचे आजार लवकर धरतात. शिवाय ती ‘आईसारखी’ हा शब्द शिवीसारखा वापरायला शिकली. तो तिने कुठून उचलला, हे तुम्हाला मी सांगायला नको. आजपासून घरात कुणाच्याही अंगावर शेरा नको. काकूच्या नाही, टीव्हीतल्या बाईच्या नाही, आणि ‘किती बारीक झालीस, छान दिसतेस’ असंही नाही. मुलीला पोळी वाढताना आकडा न उच्चारता वाढा.

बायकोशी बोलायचं ते आधी थोडक्यात बोला. ‘त्या रात्री मी लाइट लावला, ते चुकलं. फराळ माळ्यावर ठेवला, तेही चुकलं. तू लपून खावंस असं मी तुला करून टाकलं.’ यापुढे ‘पण’ जोडू नका. ती गप्प राहील, कदाचित चिडेल. ऐकून घ्या. ‘तू छानच दिसतेस’ असलं खोटं बोलू नका, तिच्याकडे आरसा आहे. बोलून झालं की डबे खाली आणून जागच्या जागी ठेवा.

मग कामं वाटून घ्या. बाबांना सकाळी पुसून काढणं आणि त्यांच्या गोळ्या तुमच्याकडे. रात्री कूस बदलायला आठवड्यातले निम्मे दिवस तुम्ही उठा. ते तुमचे वडील आहेत, भाऊ. परवडत असेल तर दुपारी चार तास बाई लावा. वजनाच्या गप्पांपेक्षा तिची सलग सहा-सात तास झोप जास्त काम करेल. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र बसून करा आणि तिला शेवटी, उरलंसुरलं खायला ठेवू नका. आपल्या घरांतल्या बायका मुलांच्या ताटातलं ‘टाकायचं कशाला’ म्हणून खातात, ते कुणाच्या हिशेबात येत नाही. माझ्या आईनेही आयुष्यभर तेच केलं.

लग्न झाल्यावर रविवारी सकाळी दोघं तर्री पोह्यांना जात असाल. पुन्हा जा. एकेक प्लेट घ्या, वर चण्याची तर्री मागून घ्या आणि तिच्यासमोर बसून निवांत खा. चार लोकांत तुमच्यासमोर मोकळेपणाने खाणं ती विसरली आहे. आठवायला तिला वेळ लागेल. येताना थोडं पायी या, पण ‘वॉक’ हा शब्द उच्चारू नका.

शेवटचं एक. सासूबाई सांबारवडी, म्हणजे आपली कोथिंबिरीची वडी, करत असतील, नागपूरच्या घरात ती असतेच. त्या सारणात काय घालायच्या, ते बायकोला विचारा आणि एका रविवारी घरी करायला घ्या. सांबाराच्या जुड्या भरपूर लागतात आणि निवडायला तासभर सहज जातो. खाली बसून तुम्ही निवडा, ती शेजारी असू द्या. पहिली जुडी निवडून होईपर्यंत ती आईबद्दल काही बोलली नाही, तर दुसरी घ्या.